‘किती तास चालेल?’ याआधी विचारायचा प्रश्न

महोदय,

विजेचा भरवसा नसलेल्या ठिकाणी इन्व्हर्टर घ्यायला निघालेला माणूस एकच प्रश्न विचारतो: किती तास चालेल? जाहिरातीही तेवढेच सांगतात. रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायला वीज किती वेळ असते, हे मात्र ना गिऱ्हाईक विचारते, ना विक्रेता. बॅटऱ्या वर्ष-दीड वर्षात ‘बसतात’, त्यांतल्या बऱ्याच या न विचारलेल्या प्रश्नामुळे.

हिशेब अवघड नाही. 75 वॅटचे दोन पंखे, 9 वॅटचे पाच एलईडी दिवे आणि 10 वॅटचा राउटर मिळून 205 वॅट होतात. पाच तासांना साधारण एक युनिट, म्हणजे 1000 वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये 15 टक्क्यांच्या आसपास वीज उष्णतेत जाते, म्हणून बॅटरीतून 1200 वॅट-तास, म्हणजेच 12 व्होल्टला 100 ॲम्पिअर-तास (बॅटरीचा साठा याच मापात मोजतात) उपसले जातात. 150 ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीचा हा दोन तृतीयांश भाग झाला. लेड-ॲसिड (शिसे आणि आम्लाची, नेहमीची) बॅटरी रोज निम्म्याहून खाली नेली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. शिवाय 150 हा आकडा ती वीस तासांत सावकाश रिकामी केली तरच खरा. पाच तासांत उपसली तर हाती त्याहून कमी येते.

आता उलटा हिशेब. काढलेले 100 ॲम्पिअर-तास भरून काढायला 115 च्या आसपास आत घालावे लागतात. चार्जर 15 ॲम्पिअरचा असेल तर पूर्ण प्रवाहानेही पावणेआठ तास. पण बॅटरी 80 टक्के भरली आणि व्होल्टेज 14.4 च्या घरात गेले की ती कमी-कमी प्रवाह घेऊ लागते. शेवटचा पाचवा हिस्सा भरायलाच कित्येक तास जातात. एकूण दहा-अकरा तास धरावेत. पाच तास वीज आणि पाच तास अंधार अशी पाळी असेल तिथे ही बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट कडक होत जाते, आणि मग कितीही डिस्टिल्ड वॉटर घाला, गेलेली क्षमता परत येत नाही.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे आणखी एक बॅटरी जोडणे. टाक्या दोन केल्या म्हणून नळाला पाणी जास्त वेळ येत नाही. रोजचा खर्च आणि रोजची भरती यांतली तूट तशीच राहते, फक्त अंधार पडायचा दिवस पुढे जातो. त्यात जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडली तर जुनी नवीलाही आपल्या पंगतीला बसवते.

खरा उपाय आधी खर्चाच्या बाजूने करायचा असतो. तेच दोन पंखे 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले की भार 205 वरून 115 वॅटवर येतो, पाच तासांचा उपसा 56 ॲम्पिअर-तासांवर, आणि भरती सहा तासांच्या आसपास उरकते. त्याच बॅटरीवर, त्याच चार्जरवर. पंखे बदलण्याचा खर्च हा बॅटरीचाच खर्च समजावा.

भरतीचा वेळ आणखी एका जागी गळतो, आणि तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. बहुतेक इन्व्हर्टरना मागे एक बटण असते: यूपीएस आणि साधा मोड. यूपीएस मोडमध्ये यंत्र साधारण 180 ते 260 व्होल्टपर्यंतचीच वीज स्वीकारते. संध्याकाळी व्होल्टेज 165 वर आले की वीज असूनही इन्व्हर्टर तिला नाकारतो आणि बॅटरी खर्च करत बसतो. संगणकासाठी यूपीएस मोड हवाच असतो; फक्त दिवे-पंखे असतील तर साधा मोड ठेवावा, तो बराच खालचा व्होल्टेजही चालवून घेतो.

लिथियम फॉस्फेट बॅटरीला अर्धवट भरून राहण्याचे वावडे नाही, म्हणून अनियमित विजेला ती खरोखर सोयीची. 100 ॲम्पिअर-तासांची बॅटरी 50 ॲम्पिअरने दोन-अडीच तासांत भरते. पण चार्जर 15 ॲम्पिअरचाच ठेवला तर तिलाही सात तास लागणार. जुन्या इन्व्हर्टरला ती जोडताना आणखी एक पाहावे. लेड-ॲसिडसाठीचे इक्वलायझिंग व्होल्टेज (मधूनमधून मुद्दाम दिलेले जादा व्होल्टेज) 14.6 च्या वर गेले की बॅटरीतली बीएमएस, म्हणजे तिची संरक्षक यंत्रणा, तिला तोडून टाकते, आणि गिऱ्हाईक म्हणते, नवी बॅटरी खराब निघाली.

सौर पॅनेल म्हणजे भरतीचा दुसरा नळ. दिवसाला साडेचार तासांइतके पूर्ण ऊन धरले आणि 25 टक्के तूट वजा केली, तर 330 वॅटचे पॅनेल सुमारे 1.1 युनिट देते. दाट ढगाळ दिवसांत याचा चौथा हिस्साही मुश्किलीने. पॅनेलवरचे वॅट 25 अंश तापमानाचे असतात. उन्हात सेल 65 अंशांवर गेले की 14 टक्क्यांच्या आसपास तिथेच कमी होतात. पण सर्वांत मोठी चूक कंट्रोलरची, म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधल्या नियंत्रकाची. 37 व्होल्टवर 8.9 ॲम्पिअर देणारे हे पॅनेल स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरमधून 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडले, तर ॲम्पिअर तेवढेच राहतात आणि व्होल्ट मात्र 13 वर येतात. 330 पैकी हाती जेमतेम 116 वॅट. इथे जादा व्होल्टचे ॲम्पिअरमध्ये रूपांतर करणारा एमपीपीटी कंट्रोलरच हवा. त्याची कमाल व्होल्टेज मर्यादा थंडीतल्या पहाटेच्या हिशेबाने बघावी, कारण गारव्यात पॅनेलचे व्होल्टेज वाढते.

ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेला, बॅटरी नसलेला सौर संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. हा दोष नाही. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या अंगात छपरावरची वीज जाऊ नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. हे विकताना आधी सांगितले जात नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

सौर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणाऱ्या हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये ‘आधी सौर, मग बॅटरी, शेवटी ग्रिड’ अशी सेटिंग असते. बिल वाचते, पण ती तशीच ठेवली तर नेमकी संध्याकाळी वीज जाते तेव्हा बॅटरी तळाला असते. मुख्य विजेवर परतण्याचा आकडा बऱ्याच यंत्रांत 11.5 व्होल्टच्या आसपास लावलेला येतो, तो 12.3 पर्यंत वर घ्यावा, म्हणजे राखीव साठा राहतो.

वायरिंगबद्दल थोडेच. 12 व्होल्टवर 1000 वॅट चालवायला बॅटरीतून 98 ॲम्पिअर लागतात. जाऊन-येऊन चार मीटर लांबीच्या 16 चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये त्या 12 व्होल्टमधले 0.45 व्होल्ट जातात. 35 ची केबल घेतली तर 0.2. ही घट इन्व्हर्टरला बॅटरी संपल्यासारखी दिसते आणि तो वेळेआधी बंद होतो. एक किलोवॅटच्या वर 24 किंवा 48 व्होल्टचाच संच घ्यावा. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी हवा, आणि डीसी (बॅटरीच्या) बाजूला डीसीसाठीचाच एमसीबी (आपोआप पडणारा स्विच). एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी विझवेलच असे नाही. जनरेटर भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटा खुपसण्याचा प्रकार आजही चालतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच नसेल तर ती वीज रोहित्रातून उलटी चढून हजारो व्होल्टची होते, आणि पलीकडे माणूस खांबावर असू शकतो.

तेव्हा विक्रेत्यांनी कोटेशनवर ‘बॅकअप इतके तास’ याच्या शेजारी आणखी चार आकडे लिहावेत: कोणत्या भारावर, बॅटरी किती टक्के रिकामी धरून, चार्जर किती ॲम्पिअरचा, आणि पूर्ण भरायला किती तास. हे आकडे मिळेपर्यंत गिऱ्हाइकाने आगाऊ रक्कम देऊ नये.

आपला,
एक वाचक