पाच ठोके

प्रिय दिग्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील तर हक्क आहे तुझा. गुडघा आता बरा. पण रविवारच्या तालमीत जे झालं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

पुढच्या महिन्यात इथे आम्ही बेथोव्हनचा व्हायोलिन कॉन्चेर्तो वाजवतोय, 1806 चा. सुरुवातीला व्हायोलिन नाहीच. एकटी टिंपनी, म्हणजे तिकडचा नगाराच, हळू आवाजात, एकाच सुराचे पाच ठोके. पाचव्यावर सनईसारखा ओबो येऊन मिळतो. तोवर सगळं सभागृह गप्प आणि मी.

लिहिलंय फक्त 'हळू'. काठी कोणती, यावर बेथोव्हनचा चकार शब्द नाही. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने 1830 च्या आपल्या सिम्फनीत स्पष्ट लिहून ठेवलं, इथे लाकडी, इथे स्पंजाची. हळू म्हणून मी मऊ फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, जाड बोंड असलेली काठी घेतली. ते बोंड पुडीच्या कातड्यावर क्षणभर रेंगाळतं आणि वरचे बारीक सूर तिथेच दाबतं. मागे ऐकू काय जातं? नुसतं धुम् धुम्. ठोका नेमका कुठे पडला ते कळेना, ओबोवाली दोनदा चुकली. मग नुसती लाकडी घेतली. कडा स्वच्छ, पण दारात वसुलीवाला आल्यासारखं! कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीला हा घोर नाही, तिथे आरंभापासून घुमवायचं, मोठं फेल्टच हवं. (तबल्याला दहा बोटं पुरतात, हे तुझं पालुपद नको.)

घरी येऊन लाकडी काठीच्या टोकाला फ्लॅनेलचे दोन फेर दिले. व्हिएन्नाचे वादकही फ्लॅनेलच्याच काठ्या वापरतात. दोरा आवळताना हात थांबला. आजीच्या शेवटच्या दुखण्यात तू नगाऱ्याच्या टिपऱ्यांना धोतराची चिंधी गुंडाळली होतीस. शेजारतीही चुकू नये, तिची झोपही मोडू नये. मी देवळातच भांडलो, नगारा काय कुजबुजायला असतो? आठवडाभर अबोला धरला. आजी मात्र सकाळी म्हणाली होती, काल आरती नीट ऐकली.

तुझंच बरोबर होतं, दिग्या.

मुक्ताचा दहावीचा निकाल कळला, शाबास म्हणावं. वहिनींना नमस्कार. घराचं छप्पर झालं का?

आणि आठवून सांग, चिंधीचे किती फेर होते? कापड सुकं होतं की ओलं?

तुझा,
बंड्या