पार्सन्स यांचे अर्धेच काम सांगितले जाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर ऑगस्टमध्ये हिरोशिमावर लिहिले जाते तेव्हा वैमानिक टिबेट्स यांचे नाव हमखास येते. त्याच विमानात बॉम्बची जबाबदारी सांभाळणारे अमेरिकी नौदलाचे कॅप्टन विल्यम पार्सन्स मात्र एका वाक्यात उरकले जातात आणि त्यांचे आधीचे काम तर गाळलेच जाते. ते काम होते प्रॉक्झिमिटी फ्यूजचे, म्हणजे लक्ष्याजवळ पोचताच तोफगोळा आपोआप फोडणाऱ्या यंत्रणेचे.

विमानविरोधी गोळ्याला तोवर घड्याळी फ्यूज असे. किती सेकंदांनी फुटायचे ते डागण्यापूर्वी लावावे लागे. अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी गोळा शेकडो मीटर पुढे-मागे फुटे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मर्ल ट्यूव्ह यांच्या गटाने गोळ्याच्या नाकात चिमुकला रेडिओ संच बसवला. विमानावरून परतलेल्या लहरींचा संकेत ठरावीक पातळीला पोचला, की गोळा आपोआप फुटे. खरी अडचण पुढेच होती. ५ इंची तोफेतून सुटताना गुरुत्वाच्या सुमारे २०,००० पट धक्का बसतो आणि त्यात काचेच्या निर्वात नळ्या टिकायला हव्यात. कोरड्या बॅटऱ्या उष्ण हवेत लवकर निकामी होत. म्हणून पुढे आम्लाची काचेची कुपी आली: डागताच ती फुटते, गोळ्याच्या फिरण्याने आम्ल पट्ट्यांमध्ये पसरते आणि तेव्हाच वीज तयार होते.

या कामावर नौदलातर्फे पार्सन्स होते. प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर त्यांनी समाधान मानले नाही, हा त्यांचा मोठा गुण. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘क्लीव्हलँड’ युद्धनौकेवरून वैमानिकरहित विमानांवर चाचणी झाली. मग पार्सन्स स्वतः फ्यूज घेऊन प्रशांत महासागरात गेले. ५ जानेवारी १९४३ रोजी ‘हेलेना’ या अमेरिकी युद्धनौकेने या फ्यूजने पहिले जपानी विमान पाडले, तेव्हा ते त्याच नौकेवर होते.

त्याच वर्षी अणुबॉम्ब बनवणाऱ्या लॉस अलामोस प्रयोगशाळेचा शस्त्रविभाग त्यांच्याकडे आला. हिरोशिमावरचा बॉम्ब म्हणजे मुळात एक तोफच होती: कॉर्डाइट या तोफेच्या दारूच्या जोरावर युरेनियमचा एक भाग दुसऱ्यावर आदळायचा. हिरोशिमाकडे विमान जिथून निघणार होते त्या प्रशांत महासागरातल्या टिनियन बेटावर बी-२९ बॉम्बफेकी विमाने उड्डाणातच कोसळून पेटत. भरलेल्या बॉम्बसह तसे झाले तर आगीने कॉर्डाइट पेटून बेटावरच अणुस्फोट होण्याचा धोका होता. म्हणून पार्सन्स यांनी बॉम्बमध्ये कॉर्डाइट विमान हवेत असताना भरायचे ठरवले आणि आदल्या दिवशी विमानाच्या अरुंद पोटात त्याचा सराव केला. मागचे धातूचे पत्रे काढायचे, ब्रीचचे (तोफेच्या मागच्या तोंडाचे) बूच उघडून रबरी गादीवर ठेवायचे, कॉर्डाइटच्या चार पिशव्या लाल टोक ब्रीचकडे करून सरकवायच्या, बूच घट्ट बसवायचे, स्फोटाची तार जोडायची, पत्रे परत लावायचे. हे काम त्यांनी सहायक जेपसन यांच्यासह उड्डाणानंतर लगेच हाती घेतले. स्फोटाचे विद्युत-मंडल तोडून ठेवणारे हिरवे सुरक्षा-प्लग काढून ते जोडणारे लाल प्लग जेपसन यांनी नंतर बसवले.

त्या शहरात जे घडले त्याची जबाबदारी पार्सन्स यांच्याकडेही जाते आणि ती सौम्य करून सांगू नये. पण त्या फ्यूजमुळे बुडण्यापासून वाचलेल्या जहाजांचा हिशेबही त्यांच्याच नावावर आहे. पुढच्या ऑगस्टच्या लेखांत दोन्ही गोष्टी एकत्र याव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक