कशाच्या मानाने? : तर्कशास्त्राच्या सरांना पत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

काकूंच्या गुडघ्याच्या व्यायामासाठी तुम्ही दोघं आमच्या परळच्या फिजिओथेरपी केंद्रात येऊ लागलात. ‘शून्य ते दहामध्ये दुखणं किती?’ या माझ्या नेहमीच्या प्रश्नाला काकू ‘सहा’ म्हणाल्या आणि तुम्ही शेजारून विचारलंत, ‘कशाच्या मानाने?’ त्या एका प्रश्नापायी पुढे कितीतरी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून तुम्ही मला शिकवलंत, तेही एक पैसा न घेता. त्याचे आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे जाहीर पत्र.

सर्वांत उपयोगी पडले ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मांडलेले मोजपट्ट्यांचे चार प्रकार: नुसती नावं, क्रम, समान अंतरं, आणि खरं शून्य असलेली मापं. ३२ किलो हे १६ किलोच्या दुप्पट. पण ३२ अंश सेल्सिअस म्हणजे १६ अंशांच्या दुप्पट उष्ण नव्हे, कारण तिथलं शून्य पाणी गोठतं त्या जागी ठेवलेलं आहे. दुखण्याच्या आकड्यांत क्रम नक्की असतो, त्यापुढचं गृहीत धरू नये, हे तुमचं मत मला पूर्ण पटलं. आठवरून चारवर आलेल्या पेशंटच्या कागदावर मी ‘कमी झालं’ लिहिते. ‘निम्मं झालं’ म्हणायला त्या आकड्यांत आधार नाही.

मग तुम्ही शब्दांकडे वळलात. ‘उंच’ म्हणायला मनात कुणीतरी लागतंच: सहावीच्या वर्गात उंच ठरणारा मुलगा कबड्डीच्या संघात ठेंगणा. ‘ओला’चं तसं नाही. टॉवेल किंचित ओला असला तरी ओलाच, आणि कोरडा म्हणजे पुरता कोरडा. दुखणं या दुसऱ्या जातीचं. किंचित दुखत असलं तरी दुखतंयच. म्हणजे खालचं टोक पक्कं आहे, वरचं मात्र मोकळं. ‘कल्पना करता येईल तेवढं भयंकर म्हणजे दहा’ असं आम्ही सांगतो, पण दोन बाळंतपणं सोसलेल्या बाईची कल्पना आणि कॉलेजातल्या मुलाची कल्पना एक कशी असेल? दोघांचे ‘सहा’ शेजारी ठेवून मी तुलना करत नाही. एकाच माणसाचे कालचे आणि आजचे ठेवते.

भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांचा १९४४ चा लेख तुम्ही छापून आणून दिलात. मोजण्याच्या आधी मनात जास्त-कमीची तुलना होते, हे त्यात वाचलं आणि मी प्रश्नांचा क्रमच बदलला. ‘गेल्या वेळेपेक्षा जास्त की कमी?’ हे आधी, आकडा नंतर. माणसं अडखळत नाहीत आता.

आणि ‘थोडं’! थोडं, बरंच, खूप अशी उतरंड असली की खालचा शब्द ऐकून आपण समजतो, वरचा लागू नसणार. भाषाशास्त्रज्ञ लॉरेन्स हॉर्न यांच्या १९७२ च्या प्रबंधात याची मांडणी आहे. पण हा समज शब्दाच्या अर्थात बांधलेला नसतो; ‘थोडं दुखतं, थोडं कशाला, बरंच दुखतं’ असं बोलता येतं. लालबागच्या आजी ‘थोडं दुखतं गं, चालायचंच’ म्हणतात, तेव्हा मी तिथे थांबत नाही. रात्री कुशीवर वळता येतं का, खाली बसलं तर उठता येतं का, हे विचारते. एका आजींचं ‘थोडं’ असं निघालं की त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. सर, याचं श्रेय तुमचं आहे.

दाण्यांच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेलं तर ढीग नेमका कधी संपतो, हे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ युब्युलिडीसचं कोडं आपण सोडवलं नाही. ‘मी बरा झालो असं कधी म्हणायचं?’ असं पेशंट विचारतात, तेव्हा ते रोज समोर येतं. एखादी गोष्ट ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच न म्हणता शून्य ते एक यांमधल्या प्रमाणात ‘आहे’ म्हणता येतं, असं मांडणाऱ्या लोत्फी झादे यांच्या १९६५ च्या निबंधापाशी आपण थांबलो होतो: ‘०.७ इतका बरा’ हे ‘बरा असण्याची शक्यता ७० टक्के’ यापेक्षा वेगळं कसं? गुरुवारी मी लवकर सुटते. काकूंनाही घेऊन या, त्यांना आता कट्ट्यापर्यंत चालवतं.

आपली विद्यार्थिनी,
एक फिजिओथेरपिस्ट, परळ