पुरानंतर गाभ जातो, त्याचा पंचनामा होत नाही

मा. संपादक,
स. न.

पुरात मेलेल्या दुभत्या गाई-म्हशीमागे २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे ३७,५०० रुपये ठरले. जी जनावरे वाचतात, त्यांचे नुकसान दोन-तीन महिन्यांनी बाहेर येते आणि तोवर पंचनामे आटोपलेले असतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या सांगली-कोल्हापुरात तरी यावर बोलले जायला हवे.

उंदरांच्या व बाधित जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायराचे जंतू पुराच्या पाण्यात उतरतात. गाय वरवर ठणठणीत दिसते आणि काही आठवड्यांनी, बहुधा गाभणपणाच्या सातव्या महिन्यानंतर, गाभडते (गर्भ टाकते). मग जार (वार) लवकर पडत नाही. ती पडावी म्हणून लोंबत्या जारेला वीट किंवा जुनी चप्पल बांधायची खोड अजून गेलेली नाही. त्याने गर्भाशयाला इजा होते, आत पू धरतो आणि पुढे गाय सारखी उलटते, म्हणजे भरवूनही गाभ राहत नाही. पडलेला गर्भ उघड्या हाताने उचलू नये. गाभ पाडणारा ब्रुसेल्ला हा जिवाणूजन्य रोग असेल तर तो माणसालाही होतो. पशुवैद्यकाने नमुना घेतल्यावरच गर्भ चुना टाकून खोल पुरावा. गाईचे रक्त लगेच एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे, कारण एका नमुन्यावर लेप्टोचे निदान सहसा पक्के होत नाही.

भिजलेला कडबा वाळवून घातला जातो. दुसरी वैरण नसते, हे मान्य. पण उन्हाने बुरशी वाळली तरी तिचे विष राहते. काही बुरशींचे विष शरीरात इस्ट्रोजेनसारखे वागते: कालवडीचे निरण (योनीचा बाहेरचा भाग) सुजते, ती माजावर आल्यासारखी वाटते आणि कृत्रिम रेतन वाया जाते. चिखलात खुरे सडून लंगडणाऱ्या जनावराला सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड टोचले, तर शेवटच्या तीन महिन्यांतला गाभ पडू शकतो. गाय गाभण आहे, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे.

रस्ते बंद झाले की द्रवनत्रही (द्रवरूप नायट्रोजन) येत नाही. उणे १९६ अंशांत राहायच्या रेतन कांड्या (गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या) कंटेनरमधले नत्र आटून वितळल्या, की नंतर कितीही नत्र ओता, उपयोग शून्य. कंटेनरमध्ये पट्टी बुडवून नत्राची पातळी दाखवा, असे रेतन करणाऱ्याला खुशाल म्हणावे.

उपासमारीने माजही मुका होतो, म्हणजे त्याची लक्षणे दिसत नाहीत. म्हशीचा तर एरवीही सहज ओळखू येत नाही. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे आणि पहाटे व रात्री बळस (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) पाहावा.

पशुसंवर्धन विभागाने पूर ओसरल्यावर तीन महिन्यांनी बाधित गावांत गर्भतपासणी करावी आणि गाभडलेल्या जनावरांची नोंद नुकसानीच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात घ्यावी.

– एक पशुवैद्यक, जि. सांगली