पक्या, ती फाइल तुझ्याकडे आहे का?

पक्या,

किती महिने झाले बोललो नाही ते मोजलं नाही, मोजवलं नसतं. पाठ बरी आहे, गोळ्या बंद झाल्या. आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत तुला एक लिंक टाकलेली, नुसतं "हे ऐक" एवढंच लिहून, आठवतंय? त्या मुलीचं पेज गेलं रे. काल रात्री उघडलं तर गाणी, फोटो, काहीच नाही.

ती सापडली कशी ते ऐक. बँडकॅम्पवर, म्हणजे गाणारे आपली गाणी थेट विकतात त्या साइटवर, अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांचे छोटे छोटे फोटो असतात ना, मी आता गाणी तशीच शोधतो, अल्बम आवडला की घेणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी कलेक्शनमध्ये शिरायचं, तिथून पुढच्याच्या, आपण दादाच्या कपाटातल्या कॅसेट उपसायचो तसं. अशाच एकीच्या कलेक्शनमध्ये गेलो तर ती स्वतःच गाणारी निघाली. चार गाणी, घरीच रेकॉर्ड केलेली. दुसऱ्या गाण्यात मागे खुर्ची करकरते आणि ती थांबत नाही, पुढची ओळ उलट जरा हळू घेते. तू असतास तर तेवढंच दहा वेळा मागे नेऊन ऐकवलं असतंस आणि मी वैतागलो असतो. खाली घेणाऱ्याचा एकही फोटो नव्हता. किंमत ऐकणाऱ्यानं ठरवायची होती. मी सगळं चारदा ऐकलं आणि नंतर घेऊ म्हणून बंद केलं.

तो 'नंतर' मला खातोय. "दुसरं गाणं फार आवडलं" एवढं लिहायला किती वेळ लागला असता? तिनं पेज का काढलं माहीत नाही, दुसऱ्या नावानं येणार असेलही, पण कुणीतरी मन लावून ऐकलं हे तिला कळलंच नाही.

अ‍ॅप सुचवतंच की, असं म्हणू नकोस. स्पॉटिफाय २०१५ पासून दर सोमवारी ३० गाणी काढून देतं, त्यातली मला आवडतातही. पण त्यातला बराचसा हिशोब आपल्यासारखी आवड असलेल्यांनी काय ऐकलं, कुठल्या गाण्याशेजारी काय ठेवलं यावर चालतो, मग जिला अजून कुणी ऐकलंच नाही तिचा हिशोब कशावर करणार? पहिल्यांदा माणसानंच ऐकायला लागतं. जॉन पील हा निवेदक १९६७ पासून २००४ मध्ये जाईपर्यंत बीबीसीच्या रेडिओ १ वर होता आणि अनोळखी पोरांनी पाठवलेल्या टेप तासन्‌तास ऐकायचा. आता तिथेच २००७ पासून बीबीसी इंट्रोड्यूसिंग आहे, रेकॉर्ड कंपनी पाठीशी नसलेले आपलं गाणं अपलोड करतात आणि ते ऐकायला खरी माणसं बसलेली असतात. अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओच्या टायनी डेस्क या गाण्यांच्या स्पर्धेत न जिंकलेल्यांचे व्हिडिओ पण यूट्यूबवर पडलेले असतात, मी हल्ली ते शोधून बघतो, आणि आवडलं की त्याच क्षणी दोन ओळी लिहितो.

पैशाचंही तेच. २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच नाही. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवून घेतं, म्हणजे मी एकट्यानं जरी घेतलं असतं तरी तिच्या हातात काहीतरी पडलं असतं, आणि फाइल माझ्याकडे राहिली असती.

ह्यावरून आपलं केवढं भांडण झालेलं! २०१९ मध्ये मायस्पेस या जुन्या साइटवरची २००३ ते २०१५ मधली गाणी सर्व्हर बदलताना गेल्याची बातमी आली तेव्हा तू म्हणालास आवडलं ते उतरवून ठेवायचं, आणि मी म्हणालो सगळं ऑनलाइन असताना डिस्क कशाला भरतोस. तू दोन आठवडे बोलला नाहीस, वहिनीनं मध्ये पडून फोन लावून दिला. तुझं बरोबर होतं पक्या. पूर्ण बरोबर होतं.

नवीन नोकरी कशी चाललीये? काकांचा गुडघा? पिल्लू चालायला लागलं का, फोटो पाठव.

आणि त्या काळ्या हार्डडिस्कवर फेब्रुवारीचं फोल्डर बघ. तू लिंक उघडली असशील तर उतरवूनही ठेवलं असशील, तुझी सवय मला माहितीये. चारही नसली तरी चालतील, ते खुर्चीवालं असलं तर आजच पाठव, आणि फाइलमध्ये तिचं नाव, ईमेल काही असलं तर तेही. मला तिला लिहायचंय.

तुझा,
बंड्या