आई, माझा पायगुण इथे चालला बघ

एडिनबरा, ४ जानेवारी

आई,

जेवतो गं नीट. कुकर तूच दिलायस आणि घरात हीटर आहे, त्यामुळे ती काळजी सोड.

एक सांगायचं राहिलं. ३१ तारखेला रात्री पावणेबाराला घरमालकीणबाईंनी मला घराबाहेर उभं केलं. इथे मानतात की बारानंतर उंबरठ्यावर पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडलं की वर्ष चांगलं जातं, आणि त्याने रिकाम्या हाती यायचं नाही, हातात कोळसा हवा म्हणजे वर्षभर घरात ऊब राहते, सोबत बिस्किटं आणि व्हिस्की, (ती त्यांच्यासाठी, मी फक्त धरली), आणि सोनेरी केसांचा माणूस आधी आला तर अशुभ. गल्लीत काळ्या केसांचा मी एकटाच, मग शेजारच्या दोन घरांनीही बोलावलं. पेपरात गुंडाळलेल्या कोळशाने बोटं काळी झाली आणि आत शिरताना माझा उजवा पाय आपोआप पुढे पडला. पायगुण म्हणजे काय ते त्यांना सांगताना आजी आठवली.

मामा म्हणाला ना, एवढं शिकून मेंढ्याच राखतोय? राखत नाही. कानाचा टिकलीएवढा तुकडा येतो, त्यातून मी डीएनए काढतो. मेंढीच्या २० नंबरच्या क्रोमोसोमवर रोगप्रतिकाराच्या जीन्सचा एक गठ्ठा आहे, त्यातल्या डीआरबी१ या एकाच जीनचे कळपात ढीगभर प्रकार सापडतात. शरीरात जंतू शिरला की त्याचा तुकडा उचलून पांढऱ्या पेशींना दाखवायचं काम या जीनचं, आणि प्रत्येक प्रकार वेगळे तुकडे पकडतो. आपल्या सोसायटीत सगळ्या दारांना एकच कुलूप असतं तर एका किल्लीत चोराने सगळी घरं उघडली असती ना, तसंच हे, कळपात विविधता हवीच.

ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रातल्या सेंट किल्डाच्या बेटावर गेलेलो ते याचसाठी. तिथली शेवटची ३६ माणसं १९३० मध्ये घरं सोडून गेली, १९३२ मध्ये सोए नावाच्या जातीच्या १०७ मेंढ्या आणून सोडल्या, त्यांना ना चारा घालतात ना औषध, आणि १९८५ पासून कोकरांच्या कानाला बिल्ले लावून नोंद ठेवतात. कडक थंडीत पोटातल्या जंतांनी पोखरलेल्या खूप मरतात. कुठल्या जगतात त्याचा या जीन्सशी संबंध आहे, हे १९९८ मध्येच दिसलंय. जंतांवरची औषधं आता जगभर लागू पडेनाशी झालीत, म्हणून मुळातच चिवट जनावर निवडता आलं पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात धनगरांची दख्खनी मेंढरं जंतांनीच खंगतात, मला शेवटी त्यांच्यावर काम करायचंय. आणि मेंढ्यांचं मला काही लागत नाही, ग्लोव्ह्ज घालतो, सारखं विचारू नकोस.

बाबांच्या खात्यात साठ हजार टाकलेत. बिल्डरने भाडं थकवलंय तोवर घोडबंदरच्या घराचं भाडं मी भरणार, एफडी मोडायची नाही. मोतीबिंदूच्या वेळी ताईने एकटीने सगळं निभावलं, मी फक्त व्हिडिओ कॉलवर बाबांची पट्टी बघितली.

डोंबिवलीच्या मुलीचा बायोडेटा वाचला. चांगली वाटली, पण मी अजून दोन वर्षं इथेच आहे हे तिला आधी सांग, लपवू नकोस. नाहीतर नंबर दे, मीच बोलतो.

मेचं तिकीट बघतोय, नक्की येतो. दिवाळीलाही असंच म्हणालो होतो, माहितीये मला.

तुझा,
बाळू