तळहातावरची चार नावं

महोदय,

अकरावी-बारावीच्या ‘डमी’ प्रवेशांची बातमी वाचली की मला एक तळहात आठवतो. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातील कनिष्ठ महाविद्यालयात मी प्रयोगशाळा सहायक होतो. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या सकाळी एक मुलगी व्हरांड्यात काहीतरी पुटपुटत उभी होती. दोन वर्षं तिचं नाव आमच्या हजेरीपटावर, आणि ती लातुरात खोली करून ‘नीट’च्या क्लासला. डाव्या तळहातावर निळ्या पेनानं चार नावं लिहिलेली. आमच्याच शिक्षकांची! बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं तर अडायला नको, म्हणून आईनं लिहून दिली होती.

टेबलाशी गेल्यावर तिनं हळूच विचारलं, “सर, ही तोटी कुठल्या बाजूला फिरवायची?” ब्यूरेट, म्हणजे द्रावण थेंब थेंब सोडायची तोटीची काचनळी, ती पहिल्यांदाच बघत होती. जर्नलमध्ये मात्र ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनची, म्हणजे एका द्रावणात दुसरं किती लागतं ते मोजायच्या प्रयोगाची, तिन्ही रीडिंग नेटकी, खाली कॉलेजची सही. तोटी मी फिरवून दिली. तिला 30 पैकी 28 मिळाले. त्यात माझाही हात आहे, हे मी लपवत नाही.

पोरांनी घरच्यांपासून काही लपवलं तर आपण त्यांना फैलावर घेतो. इथं खोटं आईबापच डब्यासारखं बांधून देतात. पाहुण्यांनी कॉलेज विचारलं तर एक उत्तर, परीक्षकांनी विचारलं तर दुसरं, तेही सोळा-सतराव्या वर्षी. न घेतलेलं रीडिंग लिहायची सवय लागलेला हात उद्या केसपेपरवर न मोजलेला रक्तदाब लिहिणार नाही, हे कशाच्या भरवशावर म्हणायचं?

आणि जी सहा-सात पोरं रोज सायकल मारत यायची, त्यांचं काय? त्यांच्याकडे क्लासचे पैसे नव्हते. एवढ्याशा पोरांसाठी तास कुणी घेईना. दुपारपर्यंत बसून ती शेताकडे परतायची. त्यांच्याकडे बघवत नसे.

2018 मध्ये शासनानं विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. आमच्याकडे यंत्र आलं, थोड्याच दिवसांत त्यावर फडकं पडलं. शिक्षण विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. हजेरीपट नका पाहू. प्रॅक्टिकल परीक्षेच्या महिनाभर आधी न कळवता या, प्रयोगशाळेचं कपाट उघडायला सांगा आणि साठा नोंदवही जर्नलांशी ताडून बघा. सगळ्या जर्नलांत टायट्रेशन झालेलं असेल आणि परमँगनेटच्या बाटलीचं सील तसंच असेल.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, लातूर जिल्हा